पट्टी तपासतो तशी पावती तपासावी : व्यक्तिस्वातंत्र्य आणि खुल्या बाजाराचा विचार मांडणाऱ्या संस्थांना साहाय्य कसे करावे

२००३ सालच्या मे महिन्यात वाशीच्या बाजारातून आलेली एक पट्टी, म्हणजे दलालाने पाठवलेला विक्रीचा हिशेब, मी आजही लोखंडी कपाटात जपून ठेवली आहे. बेचाळीस पेट्या हापूस पाठवला होता. अडत, हमाली, तोलाई, मोटारभाडे आणि हंगामाआधी घेतलेली उचल वजा जाता शेवटच्या ओळीत जो आकडा उरला होता, त्यात पेट्यांचा आणि गवताचा खर्चही पुरता निघत नव्हता. दलालावर माझा राग नव्हता, कारण उचल मी राजीखुशीने घेतली होती आणि हिशेब ठरल्याप्रमाणेच झाला होता. राग होता तो त्याच्याकडून उठून दुसऱ्याकडे जाण्याची वाट बुजवलेली असल्याचा. १९६३ च्या पणन कायद्याने घाऊक व्यवहार बाजार समितीच्या परवानाधारकांपुरता बांधून ठेवला होता, आणि आंबा माझा असूनही तो कोठे विकायचा हे मला ठरवता येत नव्हते. पुढे २०१६ साली राज्याने फळे आणि भाजीपाला या नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. हा बदल आपोआप झाला नव्हता; त्यासाठी काही माणसे आणि काही संस्था कित्येक वर्षे लिहीत-बोलत होत्या, आणि त्यांच्या या कामाला मी तोपर्यंत एक रुपयाही दिलेला नव्हता.

द्यायला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षे चुकत राहिलो. घरी आलेल्या एका कार्यकर्त्याच्या हाती पाच हजार रुपये रोख दिले, त्याने पाठकोऱ्या कागदावर पावती लिहून दिली, ती विवरणपत्राच्या वेळी करसल्लागाराने बाजूला सारली, आणि पुढच्या वर्षी संस्थेचा कोषाध्यक्ष बदलल्यावर माझ्या देणगीची नोंदच कोणाला सापडेना. बागायतदार म्हणून जो माणूस पट्टीतली प्रत्येक वजावट बोटाने चाचपून पाहतो, तोच देणगी देताना डोळे मिटून घेतो, हे मला फार उशिरा कळले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडात राहून या कामाला हातभार लावू इच्छिणाऱ्यांना तीच ठेच पुन्हा लागू नये, म्हणून हे टिपण क्रमवार लिहीत आहे.

१. आपल्याला कोणत्या प्रकारच्या कामाला साहाय्य करायचे आहे, ते आधी ठरवावे

“स्वातंत्र्याचा विचार” या एकाच पाटीखाली निरनिराळ्या जातीची कामे चालतात, आणि त्यांचे नियमही निराळे असतात.

पहिला प्रकार प्रबोधनाचा. नियोजनाच्या भरात खासगी उद्योगाची बाजू मांडणारा आवाज असावा, म्हणून अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली मुंबईत ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ सुरू केला; लहान पुस्तिका आणि व्याख्याने ही त्याची कामाची पद्धत. कायदेपंडित नानी पालखीवाला अर्थसंकल्पावर बोलत तेव्हा सभागृह अपुरे पडू लागले आणि त्या सभा ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्याव्या लागल्या, ही याच परंपरेतली गोष्ट. दुसरा प्रकार धोरण-संशोधनाचा. दिल्लीतील ‘सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी’ ही १९९७ साली पार्थ शाह यांनी स्थापन केलेली संस्था पथविक्रेत्यांचे परवाने, शाळा निवडण्याचा पालकांचा हक्क अशा विषयांवर काम करते. तिसरा प्रकार आंदोलनाचा. शरद जोशी यांची शेतकरी संघटना १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनातून राज्यभर पोहोचली आणि शेतमालाच्या बाजारातून सरकारने हात काढावा, ही मागणी तिने थेट बांधावर नेली. संघटनेत पुढे फुटी पडल्या. त्यामुळे केवळ नावातील साम्यावर विसंबून पैसे देऊ नयेत. आपण नेमक्या कोणत्या गटाला देत आहोत, ते विचारून घ्यावे.

चौथा प्रकार राजकीय पक्षाचा. राजाजी, मिनू मसानी आणि एन. जी. रंगा यांच्या स्वतंत्र पक्षाने, १९५९ साली स्थापना झाल्यानंतर, १९६७ च्या लोकसभेत ४४ जागा मिळवल्या होत्या. १९७४ साली तो विलीन झाला. आज असा पक्ष नव्याने नोंदवू म्हटले तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-ए प्रमाणे त्याला आपल्या घटनेत समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा व्यक्त करावी लागते. ही विसंगती नवख्या माणसाला थट्टा वाटते, पण १९८९ पासून कायदा असाच आहे. या विचाराचे बहुतेक लोक पक्षाऐवजी संस्था का काढतात, याचे एक कारण यात सापडते.

माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी प्रबोधन किंवा संशोधन करणारी एकच संस्था निवडावी. आंदोलनाला वर्गणी अवश्य द्यावी, परंतु तिच्यावर करसवलतीची अपेक्षा धरू नये.

२. संस्था बाजाराच्या बाजूची आहे की व्यापाऱ्याच्या, ते पारखावे

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असूनही बहुतेक जण तो गाळतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

खुल्या बाजाराची बाजू घेणे आणि एखाद्या धंद्याची बाजू घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेची गेल्या दोन-तीन वर्षांची निवेदने काढून वाचावीत. बाहेरून येणाऱ्या मालावर कर बसवा, अमुक उद्योगाला अनुदान द्या, नव्या माणसाला परवाना देऊ नका, अशा मागण्या त्यांत दिसल्या, तर ती संस्था व्यापारी मंडळ आहे असे समजावे. व्यापारी मंडळ असणे हा गुन्हा नाही. मात्र त्याला वर्गणी सभासद व्यापाऱ्यांनी द्यायची असते, आपण नव्हे.

दुसरी पारख भाषणस्वातंत्र्याची. दापोली तालुक्यातील मुरूडचे र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात संततिनियमनाचा प्रचार करणारे मासिक चालवले, त्यासाठी खटले सोसले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्व्यांची मते त्या काळी घरोघरी शिव्या खात होती. संस्थेला न आवडणाऱ्या माणसाचे तोंड सरकारने किंवा जमावाने बंद केले, तेव्हा संस्था काय बोलली, हे तिच्या कार्यकर्त्याला सरळ विचारावे. कराचे दर कमी करा असे म्हणताना ज्याचा आवाज चढतो आणि या प्रश्नावर जो खाली पाहतो, त्याच्या संस्थेला मी एका वर्षापुरते थांबायला सांगतो.

तिसरी पारख खास कोकणातली आहे. आमच्या वाचनगटाच्या पहिल्याच बैठकीत मी मालमत्तेच्या हक्कावर बोलत होतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतून कसा काढला आणि आता कलम ३००-ए पुरता कसा उरला, हे रंगून सांगत होतो. मागच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ उठले आणि म्हणाले, “भाऊ, खोताची जमीन ती मालमत्ता, मग कुळाचा घाम कोणाची मालमत्ता?” सभा शांत झाली. ज्या पट्ट्यात अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला आणि ज्या खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली विधिमंडळात विधेयक मांडले, तेथे हा प्रश्न येणारच. खोती हा मुळात सरकारने बहाल केलेला वसुलीचा अधिकार होता, मोकळ्या सौद्यातून आलेली मालकी नव्हती, आणि म्हणून स्वातंत्र्यवाद्याने कुळाच्या बाजूने उभे राहायला हवे, असे उत्तर मी दिले. ते त्यांना पटले की नाही, ठाऊक नाही, परंतु ते पुढच्या बैठकीला आले. ज्या संस्थेजवळ या प्रश्नाला काहीच उत्तर नाही, तिने कोकणात व्याख्यान ठेवू नये.

३. नोंदणीचे कागद तपासावेत

महाराष्ट्रात अशा संस्था सहसा तीन रूपांत आढळतात : सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालील न्यास, संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालील संस्था, आणि कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी. आपल्याकडे संस्था नोंदवली की तिची न्यास म्हणूनही नोंद होते, त्यामुळे दोन क्रमांक दिसले तर गोंधळून जाऊ नये. ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक हा संस्थेचा न्यास-नोंदणी क्रमांक असतो.

संस्थेकडून पुढील कागदांच्या प्रती मागाव्यात :

– नोंदणी प्रमाणपत्र, आणि न्यास असल्यास धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकचा अलीकडचा उतारा
– घटना व नियमावली
– गेल्या दोन वर्षांचा तपासलेला जमाखर्च आणि ताळेबंद
– आयकर खात्याचा १२-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) मान्यतेचा आदेश, त्यावरील मुदतीसह
– विद्यमान विश्वस्तांची किंवा कार्यकारिणीची यादी

मागताना संकोच करू नये. जी संस्था सरकारला हिशेब विचारते, तिला हिशेब विचारला की राग येत असेल, तर तेथेच आपले काम संपले. कलम ८ ची कंपनी असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची प्राथमिक माहिती विनामूल्य दिसते आणि थोडे शुल्क भरले की ताळेबंदही पाहता येतो. न्यासाच्या बाबतीत परिशिष्ट एकचा उतारा जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून अर्ज करून मिळतो.

या उताऱ्यात एक सापळा लपलेला असतो. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो. पुष्कळ जुन्या संस्थांत तो वर्षानुवर्षे दाखल झालेला नसतो, किंवा वादामुळे पडून असतो. मग उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे, पावतीवर नव्या माणसाची सही, आणि बँकेत तिसऱ्याच दोघांच्या सह्या, अशी अवस्था होते. अशा ठिकाणी माणसे प्रामाणिक असली तरी पैसे अडकतात.

आयकर मान्यतेची मुदतही नीट पाहावी. २०२१ पासून पद्धत बदलली आणि जुन्या, कायमच्या समजल्या जाणाऱ्या मान्यता संपुष्टात आल्या. आता मान्यता ठरावीक वर्षांसाठी मिळते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. लेटरहेडवर वीस वर्षांपूर्वीचा ८०-जी क्रमांक तसाच छापलेला असेल, तर नवा आदेश दाखवण्यास सांगावे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. व्यवहारात मात्र सगळे अजून “८०-जी” असेच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

४. देणगी देण्याची रीत

पैसे द्यायचे ते धनादेशाने, बँकेतून वळते करून किंवा मोबाइलवरून, रोख नको. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला करसवलत मिळत नाही, आणि माझे पाच हजार याच नियमात वाया गेले. धनादेश संस्थेच्या पूर्ण नावाने लिहावा आणि त्यावर दोन तिरप्या रेघा मारून “अकाउंट पेयी” असे लिहावे. मोबाइलवरून देताना चौकोनी संकेतचित्रावर (क्यूआर कोडवर) कॅमेरा धरला की पडद्यावर खातेदाराचे नाव उमटते. तेथे व्यक्तीचे नाव दिसले, तर ती व्यक्ती संस्थेची अध्यक्ष असली तरी हात मागे घ्यावा.

पावती हातात आली की तिच्यावर संस्थेचे नाव, पत्ता, पॅन क्रमांक आणि ८०-जी मान्यतेचा क्रमांक व तारीख आहे का, आपले नाव आणि पॅन बरोबर लिहिले आहे का, रक्कम आकडी व अक्षरी जुळते का, आणि धनादेश किंवा व्यवहाराचा क्रमांक नोंदला आहे का, एवढे तेथेच उभ्या उभ्या पाहावे. घरी जाऊन पाहू म्हटले की राहते. केवळ पावती पुरेशीही नसते. आर्थिक वर्ष संपल्यावर संस्थेला आपल्या देणगीदारांची यादी आयकर खात्याला कळवावी लागते, आणि त्यावरून निघालेले प्रमाणपत्र देणगीदाराला मेअखेरपर्यंत मिळायला हवे. आपला मे महिना आंब्यात जातो, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच संस्थेला एक स्मरणपत्र पाठवून मोकळे व्हावे.

सवलत किती मिळते, याविषयीही गैरसमज फार आहेत. सर्वसाधारण ८०-जी संस्थेला दिलेल्या रकमेचा निम्मा भाग उत्पन्नातून वजा होतो, आणि त्यालाही एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांशी बांधलेली मर्यादा असते. म्हणजे दहा हजार दिले तर करपात्र उत्पन्न पाच हजारांनी घटते; वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाचे साधारण एक हजार रुपये वाचतात. नवी करप्रणाली स्वीकारलेली असेल, तर तेही वाचत नाहीत. आणि ज्या बागायतदाराचे सर्व उत्पन्न शेतीचे आहे, त्याला मुळात आयकरच नाही; त्याला कोणी “८०-जी आहे, फायदा होईल” असे सांगून देणगी मागत असेल, तर सांगणाऱ्याला नियम ठाऊक नाहीत किंवा समोरचा माणूस ठाऊक नाही.

पक्षांच्या बाबतीत एक इशारा ठळकपणे देतो. मार्च महिन्यात काही मध्यस्थ फिरतात. “अमुक पक्षाला धनादेश द्या, शंभर टक्के वजावट मिळेल, आणि आमचे कमिशन कापून उरलेले रोख परत देतो,” असा त्यांचा प्रस्ताव असतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त माणसाने तो मान्य केला आणि दोन वर्षांनी त्याला नोटीस आली. कर, व्याज आणि मनस्ताप मिळून त्याने वाचवलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक गेले. अशा बोगस देणग्यांवर आयकर खात्याने देशभर छापे घातले आहेत.

५. परदेशातील आप्तांचे पैसे

कोकणात हा प्रश्न हमखास येतो. राजापूर, श्रीवर्धन, दाभोळ या बाजूंची कित्येक घरे आखातातल्या पगारावर उभी आहेत, आणि गणपतीला येणाऱ्यांत अमेरिकेचा पुतण्या असतोच. दोघांच्या देणगीत कायदा मोठा फरक करतो, आणि हा फरक माणूस कोठे राहतो यावर नसून त्याच्या पासपोर्टावर ठरतो.

कुवेत किंवा दुबईला नोकरी करणारा भाऊ भारतीय नागरिक असेल आणि त्याने आपल्या कमाईतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पैसे पाठवले, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला पुतण्या, त्याच्याकडे भारतीय मूळ असल्याचे कार्ड असले तरी, कायद्याच्या नजरेत विदेशी स्रोत आहे. त्याने गावच्या खळ्यात बसून भारतीय नोटा जरी दिल्या, तरी विदेशी अंशदान अधिनियम २०१० खाली नोंदणी नसलेल्या संस्थेला त्या घेता येत नाहीत. नोंदणी असलेल्या संस्थांनाही २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच घ्यावे लागतात. पक्षांना तर ते वर्ज्यच आहेत. तेव्हा हौसेने पुढे झालेल्या पुतण्याला आधी पासपोर्ट कोणत्या देशाचा ते विचारावे. त्यात अपमान नाही, आणि संस्था वाचते.

६. सभासद होताना

येथे सांगण्यासारखे थोडेच आहे. आजीव सभासदत्व स्वस्त दिसते, परंतु पहिली तीन वर्षे वार्षिक वर्गणीच भरावी. ज्या संस्थेला दर वर्षी आपल्याकडे यावे लागते, ती आपल्याला काय केले ते सांगते. आजीव सभासदाला केवळ वार्षिक सभेची नोटीस येते, आणि तीही कधी कधी सभा झाल्यावर. अर्जावर सही करण्यापूर्वी मतदानाचा हक्क कोणत्या वर्गाच्या सभासदाला आहे, ते नियमावलीत वाचावे.

शासकीय नोकरांनी आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी मात्र थांबून विचार करावा. राज्य शासनाच्या नोकरांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि त्यांत राजकारणात भाग घेण्यास मनाई आहे. जिल्हा परिषदेच्या सेवकांसाठी स्वतंत्र नियम आहेत. अभ्यासाची संस्था आणि निवडणुकीत प्रचार करणारी संघटना यांतील रेघ आपण समजतो तितकी ठळक नसते. पद घेण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर वाचक म्हणून राहावे.

७. पैशांपेक्षा जे कमी मिळते ते द्यावे

मुंबई-दिल्लीच्या संस्थांना देणगीदार मिळतात. मराठीत नीट लिहिणारा आणि गावात बैठक भरवणारा माणूस मिळत नाही. त्यांचे बहुतेक साहित्य इंग्रजीत असते. मी एका वर्षी पैशांऐवजी चार पुस्तिकांचा मराठी अनुवाद करून दिला, आणि त्याचा उपयोग माझ्या आधीच्या सर्व देणग्यांहून अधिक झाला असे संस्थेनेच कळवले. अनुवादाचे हक्क कोणाकडे राहतील, हे मात्र आधी पत्राने ठरवून घ्यावे.

गावात वाचनगट सुरू करायचा असेल, तर लगेच नोंदणीच्या मागे लागू नये. सात माणसे जमवून संस्था नोंदवता येते, हे खरे. पण त्यानंतरचा लेखापरीक्षणाचा आणि बदल अर्जांचा व्याप सात माणसांना खाऊन टाकतो. गट घरी भरवावा, चहाचा खर्च आळीपाळीने करावा. लोकांकडून वर्गणी गोळा करायची वेळ आली, तर गणेशोत्सव मंडळे विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ज्या कलम ४१-सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात, त्याची चौकशी करावी. मोठा कार्यक्रम करायचाच तर वाचनालयाचे सभागृह मागावे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, आणि कोकणातील बहुतेक तालुक्याच्या गावी अशी जुनी वाचनालये आहेत; तेथे वेगळ्या मताचे ऐकून घेण्याची सवय असलेला श्रोता मिळतो.

बैठकीची तारीख ठरवताना आंबा, भाताची लावणी आणि शिमगा टाळावा. आमचा गट गणपती आटोपल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भरतो आणि फेब्रुवारीअखेर थांबतो.

विषय पुस्तकातून उचलू नये. आमच्याकडे “राज्यसंस्थेच्या मर्यादा” या विषयाला पाच जण आले होते, आणि काजूच्या बोंडूला पस्तीस. बांद्याकडचे एक काजू बागायतदार त्या दिवशी पिशवीभर बोंडू घेऊन आले आणि त्यांनी ते खळ्यात पसरलेल्या ताडपत्रीवर ओतले. पिवळे, लाल, काही फुटलेले. अर्ध्या तासात माश्या घोंघावू लागल्या आणि तो आंबूस वास आमच्या चहातही उतरला. “पलीकडे गोव्यात याची फेणी होते, तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले,” ते म्हणाले, “आणि अलीकडे माझ्या बागेत हेच कुजते. बी तीच, माती तीच, मधे फक्त हद्दीचा दगड.” १९४९ चा दारूबंदी कायदा, परवाने आणि त्यांचे शुल्क यांवर मग जी चर्चा झाली, ती कोणत्याही पुस्तिकेने घडवली नसती. विरोधही झाला, गावठी दारूने ज्यांची घरे बसली आहेत, त्या बायकांची बाजू एका शिक्षिकेने इतक्या नेटाने मांडली की आम्हाला तो विषय पुढच्या बैठकीतही चालवावा लागला.

असाच दुसरा विषय सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील खासगी वनाच्या नोंदींचा. १९७५ च्या कायद्याने राज्याने खासगी वने ताब्यात घेतली, आणि “३५ सेक्शन” (१९२७ च्या वन कायद्याचे कलम ३५, ज्याखाली मालकाला नोटीस काढली जाई) हा शब्द कोकणात घरोघरी पोहोचला. मालकाला नोटीस प्रत्यक्ष बजावलेली असणे आवश्यक आहे, केवळ ती काढली एवढे पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मुंबईतील जमिनींच्या एका प्रकरणात म्हटले. ज्यांच्या उताऱ्यावर अशी नोंद आहे, त्यांनी नोंदीचा फेरफार आणि नोटिशीची प्रत काढून आणावी, असे आम्ही सुचवले. अकरा जणांनी कागद आणले. ती धारिका एका अभ्याससंस्थेला पाठवली आहे. हे काम दिल्लीत बसून करता आले नसते.

एक गोष्ट जाता जाता. हा प्रदेश बॅरिस्टर नाथ पै आणि मधू दंडवते यांचा आहे. राजापूर मतदारसंघाने या दोन समाजवाद्यांना तीन दशकांहून अधिक काळ लोकसभेत पाठवले. आमच्या पहिल्या बैठकीला मुंबईहून आलेले वक्ते, ज्या कोकण रेल्वेसाठी दंडवते झटले, तिनेच आले होते आणि गाडी वेळेवर होती. समाजवाद्यांवर टीका करण्याआधी मी श्रोत्यांना हे सांगून टाकतो. हशा पिकतो आणि पुढचे ऐकून घेतले जाते.

८. दुसऱ्या वर्षी देण्यापूर्वी

पहिले वर्ष संपले की मागची पावती आणि संस्थेचा नवा जमाखर्च शेजारी शेजारी ठेवावा. देणग्यांच्या बाजूला आपली रक्कम मावते का, आणि खर्चाच्या बाजूला पगार, भाडे, प्रवास व प्रत्यक्ष कार्यक्रम यांवर किती गेले, ते पाहावे. पगारावरचा खर्च पाहून नाक मुरडू नये, कारण संशोधन माणसेच करतात. मात्र कार्यक्रमांचा खर्च पंचतारांकित हॉटेलांत आणि पुस्तिकांचा खर्च शून्य असेल, तर विचारावे. सरकारी अनुदान घेतले असेल, तर तेही विचारावे. काही प्रकल्पांत ते समर्थनीय असेलही, पण उत्तर काय येते ते ऐकण्यासारखे असते.

समाधान झाले नाही, तर गप्प बसून वर्गणी थांबवू नये. दोन ओळींचे पत्र लिहावे : यंदा वर्गणी पाठवत नाही, कारण अमुक, हे दुरुस्त झाल्याचे कळवल्यास पुन्हा विचार करीन. मी आजवर अशी तीन पत्रे लिहिली. दोन ठिकाणांहून उत्तर आले नाही. तिसऱ्या संस्थेचे कोषाध्यक्ष डिसेंबरातल्या एका रविवारी खतावणीची झेरॉक्स घेऊन राजापूरला उतरले, जेवायला थांबले, आणि जाताना पुढील वर्षाचे पावतीपुस्तक माझ्याकडेच ठेवून गेले.